दहापैकी चार

२ मे

वहिनींना नमस्कार. खुशाली शेवटी लिहीन, उरली तर. आधी तक्रार.

काल दुपारी तुमच्या घरी पोचले. महिनाभर सुट्टीला येते असं दादाला आधीच कळवलं होतं, आणि तो म्हणाला होता की ये, मजा करू. मजा दारातच सुरू झाली. ओला टॉवेल, जुनं तेल आणि मेलेला उंदीर अशा तिघांनी मिळून संसार थाटावा तसा वास आला. मी म्हटलं, दादा, हे काय? तो म्हणाला, कसला वास? एकट्या पुरुषाला स्वतःच्या घराची सवय होते, ती अशी.

फ्रिज उघडला आणि लगेच बंद केला. दुसऱ्यांदा तोंडाला पदर बांधून उघडला. खालच्या खणात कोबी होता, आता त्याचं पाणी आहे. वरच्या खणातल्या एका वाडग्यावर इतकी दाट करडी लव होती की मी आधी विचारलं, मांजर पाळलंस का. संध्याकाळपर्यंत घासत होते. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात जन्म घालवला, लोकांची घाण कानांनी ऐकली. हाताने उपसायची वेळ निवृत्तीनंतर आली.

आणि ते भांडं! जेवायला बसलो तर दादाच्या ताटाशेजारी ते स्टीलचं भांडं हजर. मी बटाट्याचा रस्सा केला होता. त्याने पहिला घास तोंडात घोळवला, गुळगुळ आवाज केला, भांड्यात थुंकला, डोळे मिटून बसला आणि म्हणाला, चार. दहापैकी. मग तोच रस्सा तीनदा वाढून घेतला. मी माझं ताट उचलून खिडकीपाशी जाऊन जेवले. चवपरीक्षकाची नोकरी म्हणजे डबाबंद खाण्याच्या कारखान्यात दिवसभर चाखा आणि थुंका, हे मला मान्य आहे. त्याने मान डोलावल्याशिवाय तिथून एक डबा बाहेर पडत नसे, याचा मला अभिमानही आहे. पण निवृत्तीनंतरही ते भांडं जेवणाच्या टेबलावर कशाला? तुम्ही त्याला कधी टोकलं नाहीत का?

टोकायला तुम्ही इथे असायला हव्यात म्हणा. जानेवारीत रस्त्यावरच्या गाडीवर काहीबाही खाल्लंत, इस्पितळात पडलात, दादाने धावपळ केली, हे सगळं त्याने मला सांगितलंय. आपल्या जिभेचे चोचले आणि दुसऱ्याच्या पायांना वणवण. मग हवापालट म्हणून मावसबहिणीकडे समुद्रावर गेलात, त्याला तिसरा महिना संपला. हवा किती पालटायची?

आता कामाचं. एका मोठ्या कंपनीने दादाला सल्लागार म्हणून घ्यायचं ठरवलंय. त्यांच्या अधिकारी बाई १ जूनला घरी जेवायला येणार, त्याची परीक्षा घेणार आणि पसंत पडलं तर नेमणूक. दादा म्हणतो, तोवर ती घरी पाहिजे. बिचाऱ्याने माझ्यापाशी तीनदा सांगितलं. तेव्हा त्याआधी या. मी काही तुमच्या स्वयंपाकघरात जन्म काढायला आलेली नाही.

तुमची एकुलती एक नणंद

ता. क. खुशाली उरली नाही.

८ मे

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मावसबहिणीला वाचून दाखवलं. मांजरापाशी ती इतकी हसली की तिच्या हातातली परात खाली पडली. तिची खानावळ धक्क्यालाच लागून आहे. सुट्टीच्या दिवसांत वर प्रवासी राहतात, खाली जेवतात. मी भाज्या चिरते, खोल्या आवरते, आणि उरलेल्या वेळात जे समोर येईल ते खाते.

परवा जिवंत शिंपला खाल्ला. लिंबू पिळलं की तो आत जरासा आक्रसतो, मग उचलायचा आणि न चावता गिळायचा. छोटीशी थंडगार लाट पोटात गेल्यासारखं झालं. आवडला की नाही हे अजून ठरवलेलं नाही, आणि मला कुणी विचारलंही नाही. त्याच्या आदल्या दिवशी वर्षभर मिठात पुरलेला मासा होता. बरणी उघडली तेव्हा खिडकीतल्या माश्याच बाहेर गेल्या. निळ्या बुरशीचं चीजही खाल्लं. तुम्ही फ्रिजमधून जे फेकून दिलंत ना, इथे ते लाकडी पाटावर मांडून आणतात.

येण्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिते.

एक विनंती. दूध रोज तुम्हीच बघत जा, यांच्यावर सोडू नका. आणि जिन्याखालच्या कपाटात डबे असतील, ते उघडू नका. यांनी दिले तरी नको म्हणा. पोट बिघडलं आहे असं सांगा.

गुडघ्याला शेकत जा.

तुमची वहिनी

१४ मे

वहिनी,

शिंपल्यापर्यंत वाचलं आणि पत्र पालथं घातलं. समोर नाश्ता होता, तो तसाच राहिला. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर्स म्हणायच्या की देवाने दिलेलं सगळं खावं. पण जिवंत आक्रसणारी वस्तू पुढे आली असती तर त्यांनीही देवाला विचारलं असतं, बाबा, हे दिलंयस की टाकलंयस? आणि बुरशी लाकडी पाटावर मांडली म्हणून तिची कुळी बदलत नाही. तुम्ही एका आजारातून उठलात आणि दुसऱ्याला लिंबू पिळून आमंत्रण देताय.

दुधाचं लिहिलंत ते बरं केलंत. परवा मी आंघोळीला गेले तेवढ्यात दादाने दूध घेतलं. बाहेर येऊन बघते तर पेल्याच्या तळाशी गाठी. फाटलेलं होतं, वास खोलीभर. तो पेपर वाचत बसला होता, एका शब्दाने तक्रार नाही. तुमच्या माघारी तो काय काय मुकाट्याने गिळतोय, हे जरा डोळ्यांपुढे आणा.

डबे उघडू नका म्हणता, पण ते दादानेच उघडले. नव्या कंपनीने नमुने पाठवलेत. सकाळी उपाशीपोटी त्याने मला स्वयंपाकघरात बसवलं, कारण तेव्हा जीभ कोरी असते, आणि चमचा पुढे करून म्हणाला, चाखून बघ जरा, काय वाटतं ते सांग. वर म्हणाला, तुझी जीभ आपल्या घराण्याची आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं मत विचारलं, मी नाही कशी म्हणणार?

पण काय ते पदार्थ! एका डब्यातून मासा निघाला तो थरथरत्या जेलीत गाडलेला. सुटताना असा चोखल्यासारखा आवाज आला की मी खुर्ची मागे सरकवली. दुसऱ्यात मांस, त्यावर विझलेल्या मेणबत्तीसारखी चरबी. ती टाळूला चिकटते आणि नखाने काढावी लागते. तिसऱ्यात वाटाणे, शाळेच्या बाकांना देतात त्या हिरव्या रंगाचे, आतून पिठूळ. मी प्रत्येक घासाबरोबर शिव्या दिल्या आणि त्याने त्या सगळ्या लिहून घेतल्या. तेलकट म्हणजे कसं, विचारलं. मी म्हटलं, आधी माशाचं आणि मागाहून साबणाचं. संध्याकाळी फोनवर त्या अधिकारी बाईंना माझंच वाक्य ऐकवत होता, साबणासकट. मी आतल्या खोलीत ऐकत होते. माझी छाती अभिमानाने फुगली, पोट कसल्या तरी वाऱ्याने.

थोडक्यात, तुमची जागा मी तात्पुरती सांभाळतेय. पण ती तुमची आहे. १ तारीख जवळ येतेय. कधी निघताय ते उलट टपाली कळवा.

नणंद

१८ मे

वन्सं,

हे हातातलं काम टाकून लिहिते आहे. डबे चाखू नका. एकही नको. ज्याचं झाकण वर फुगलेलं असेल तो उघडूसुद्धा नका, कपड्यात गुंडाळून बाहेर टाका. हे रागावतील, रागावू द्या.

का, ते विचारू नका. तुम्ही यांच्या सख्ख्या बहीण आहात. माझ्याकडून ऐकलंत तर मी कागाळी केली असं होईल, आणि ते तुम्हाला खरंही वाटणार नाही.

मी केव्हा निघते ते नक्की लिहीन. आधी तुम्ही बऱ्या आहात असं कळवा.

वहिनी

२४ मे

वहिनी,

अक्षर वाकडं येतंय, उशीला टेकून लिहितेय. तुमचं पत्र वेळेवर पोचलं. डबा एक दिवस आधी पोचला.

फुगलेल्याच झाकणाचा होता. उघडताना फुस्स झालं. मी म्हटलं, दादा, हा श्वास घेतोय. तो म्हणाला, हवाबंद डब्यांचं असंच असतं. मांसाचं सूप होतं, पहिल्याच चमच्याला कडू लागलं. तसं सांगितलं तर म्हणाला, अजून एक घे, कडू म्हणजे नेमकं कसं ते सांग. मी घेतला. मूर्खासारखा घेतला, कारण तो पेन उघडून माझ्या तोंडाकडे इतका मन लावून बघत होता.

पुढचं लिहीत नाही. बादलीची आणि माझी आता जन्माची ओळख आहे एवढंच समजा. दोन दिवस मला छत कुठे आणि जमीन कुठे हे कळत नव्हतं. घरात माझाच इतका वास सुटला होता की मला माझी किळस आली. डॉक्टर आले. काय खाल्लं होतं, त्यांनी विचारलं. मला बोलवत नव्हतं, मी डोळे मिटून पडले होते. दादा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘रस्त्यावर काहीतरी खाल्लं असेल. आमच्या बायकांना आवरत नाही.’

वहिनी, मी आल्यापासून पोस्टाच्या पेटीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही. आणि त्या खोलीत बाई मी एकटीच होते. तो आणखी कुणाबद्दल बोलला ते समजायला मला ताप उतरण्याची वाट बघावी लागली नाही.

पडल्यापडल्या एकेक आठवलं. दारातला वास, त्याला न आलेला. फाटलेलं दूध. फोनवरचं माझं वाक्य. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की पुराव्याशिवाय तक्रार नोंदवत नाही, म्हणून काल उठून पुरावा काढला. डॉक्टरांनी शक्तीसाठी माशाचं तेल दिलंय. कॉन्व्हेंटात सिस्टर ते रोज सकाळी आमचं नाक दाबून पाजायच्या. त्याचा वास मी मेल्यावरही ओळखेन. त्या तेलात दादाला ऑम्लेट करून दिलं. घरातली पाल भिंत सोडून गेली असेल. दादाने घास घोळवला, थुंकला, डोळे मिटले आणि म्हणाला, लोणी ताजं आहे, सात. या घरात मला मिळालेले सर्वांत जास्त गुण. दुपारी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तो सगळा प्याला आणि वर म्हणाला, साखर जरा कमी घालत जा.

आता मी विचारते आणि तुम्ही उत्तर द्यायचं. हे कधीपासून आहे? आणि जानेवारीत तुम्ही नेमकं काय खाल्लं होतंत?

नणंद

२८ मे

वन्सं,

तुम्ही बसून लिहू शकता हे वाचून जिवात जीव आला. आठवडाभर फक्त पेज घ्या.

बरीच वर्षं झाली. यांना मोठा ताप आला होता, आठवतं? ताप गेला, पण नाक घेऊन गेला. जिभेला गरम-गार कळायचं, बाकी काही नाही. काही दिवस माझ्यापासूनही लपवलं. मग एकदा गॅसवर दूध जळून काळं झालं आणि हे शेजारीच उभे होते. मी धावत आले. हे स्टुलावर बसले आणि रडले. म्हणाले, कळलं तर काढून टाकतील, मला दुसरं काय येतं? मीच म्हटलं, नमुने घरी आणा, मी चाखते.

तुम्हाला वाटेल हिने सोसलं. तसं नव्हतं. पहिली काही वर्षं मला मजा वाटायची. पहाटे आम्ही दोघं स्वयंपाकघरात, मी चाखायची, हे लिहायचे, मग जिना उतरताना माझे शब्द पाठ करत जायचे. एरवी आम्ही एकमेकांशी एवढं बोलतच नव्हतो.

मग ते भांडं घरी आलं. यांची जीभ शाबूत आहे हे चार लोकांना दिसायला हवं, म्हणून पाहुणे आले की माझ्या हाताच्या जेवणाला गुण द्यायला लागले. पाच. चार. एकदा तुम्ही आला होतात तेव्हा तीन. सगळे हसले, मीही हसले. यांना त्यातलं काहीच लागत नाही हे माहीत असलेली मी एकटी, आणि ते बोलायचं नाही असं ठरवलेलीही मीच.

जानेवारीत कारखान्यात परत आलेले डबे होते. ते खाऊन कुठेतरी माणसं आजारी पडली होती. सगळाच माल खराब आहे की थोडाच, हे वरच्यांना हवं होतं. यांनी डबे घरी आणले. परत आलेले आहेत हे मला सांगितलं नाही. मला ते इस्पितळात कळलं, यांच्या बरोबरचे एक गृहस्थ भेटायला आले तेव्हा त्यांच्या तोंडून. माझ्या पोटाने निकाल दिला, माल थांबला, यांना निरोप समारंभात शाल मिळाली. रस्त्यावरच्या गाडीची गोष्ट यांनी डॉक्टरांसाठी रचली, मग ती सगळ्यांनाच सांगितली.

आता रागावू नका. मी बॅग भरून ठेवली आहे. इथले सुट्टीचे पाहुणे ७ तारखेला जातात, ८ ला मी निघते. १ तारीख हुकेल, तेवढी तुम्ही निभावून न्या. तुम्ही फाटलेल्या दुधाचं लिहिलंत ते वाचून मला इथला घास गोड लागेना. आंधळ्या माणसाला रस्त्याच्या मधोमध सोडून आल्यासारखं वाटतं. मी नसले तर हे काय खातील, आणि त्यांना कसं कळेल?

वहिनी

२ जून

वहिनी,

पोस्टाच्या फळीवर उभी राहून लिहितेय. पायाशी माझी बॅग आहे. पेन दोरीने बांधलेलं आहे आणि दोरी आखूड आहे. मागे रांग आहे, खोकतेय, खोकू दे.

काल त्या अधिकारी बाई आल्या. तरुण, नीटस, आवाज खाली ठेवून बोलणारी मुलगी. दादाने आदल्या दिवशी मला पढवून ठेवलं होतं. ती नमुने मांडेल, मी घरची बाई म्हणून वाढता वाढता आधी चाखायचं, चांगलं असेल तर चमचा उताणा ठेवायचा, वाईट असेल तर पालथा. हे तो मला सांगत होता तेव्हा मी दहा दिवसांपूर्वीची बादली डोळ्यांसमोर आणत होते. पोट कसं आहे, एवढंही त्याने विचारलं नाही.

तिने तीन थर्मासमधून तीन वाट्यांत सूप ओतलं. म्हणाली, यातली एक परत आलेल्या मालातली आहे, सर फक्त कोणती ते सांगतील. तिसरा थर्मास ओतताच त्या वाटीतून गटाराचं तोंड उघडल्यासारखी घाण आली. तिने स्वतः रुमाल नाकाला लावला. मी चमचा मांडीवर ठेवला आणि हात त्यावर. दादा माझ्याकडे बघत होता. टेबलावर चमचा शोधत होता. मग त्याने एकेक वाटी घेतली, घोळवली, थुंकला. तो आवाज त्या शांततेत ऐकवत नव्हता. पहिलीला सहा, दुसरीला पाच. तिसरी घेतली, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘आठ. ही पाठवा बाजारात.’

ती मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हा माझा भाऊ आहे, गप्प बसावं. पण बाजारात म्हणाला ना. मी तिला सांगितलं की याला अनेक वर्षं ना वास येतो ना चव कळते. तुम्ही याचे जे अहवाल वाचून आलात ते याच्या बायकोचे आहेत, आणि या वाटीसारख्या वाट्यांनी या घरातल्या दोघींना आडवं केलंय. तिने थर्मासची झाकणं एकेक करून घट्ट लावली, जेवणाबद्दल आभार मानले. जेवली मात्र नव्हती. गेली.

दादा म्हणाला, ‘माझ्याच घरात बसून माझी जीभ कापलीस.’

मी म्हटलं, ‘तुझी कुठली? वहिनींची होती. ती समुद्रावर आहे.’

मला वाटलं, आता तरी खाली मान घालेल. स्टुलावर बसून रडल्याचं तुम्ही ज्याच्याबद्दल लिहिलं होतंत, त्या माणसाची मी वाट बघत होते. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘मग तिला लवकर बोलाव. तोवर तुझी चालेल.’

वहिनी, या महिन्यात मी या घरात सडकं, आंबलेलं, किडलेलं सगळं पाहिलं, हाताने उपसलं, पोटातून काढलं. पण शिसारी आली ती काल. मी बॅग भरली.

तुम्ही त्याला आंधळा म्हणता. आंधळा माणूस दुसऱ्याला खड्ड्यात ढकलून खोली मोजत नाही. निर्णय तुमचा, संसार तुमचा. मी माझी तक्रार नोंदवली. ८ च्या आत हे पोचावं म्हणून जादा तिकीट लावतेय.

नणंद

३ जून

सौ. हिस,

तुझ्या नणंदेने इथे जो तमाशा केला तो तिने तुला कळवला असेलच. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. लहानपणापासून तिला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, कॉन्व्हेंटाने तिच्यात अक्कल कमी आणि शिष्टपणा जास्त भरला. तिच्या बोलण्याला मी महत्त्व देत नाही, तूही देऊ नकोस.

झालं ते झालं. त्या बाई अननुभवी होत्या. दुसऱ्या एका कंपनीशी माझं बोलणं सुरू आहे. त्यांची पद्धत जुनी आहे, घरी कुणी येत नाही, नमुने येतात आणि लेखी अहवाल द्यायचा असतो. म्हणजे आपल्याला सोयीचं. पहिली पेटी आली आहे, जिन्याखाली ठेवली आहे.

तिथे उलटसुलट खात असतेस असं कानावर आलं. खारवलेलं, आंबवलेलं वगैरे ताबडतोब बंद कर, त्याने जीभ मरते. निघण्याआधी चार दिवस साधं जेवण घे. मसाला नको, चहा नको. ८ ला निघणार असं तू कळवलं होतंस, त्यात बदल करू नये. मी स्टँडवर येईन.

तुझ्या हातचं जेवण नाही म्हणून फार हाल होतात.

७ जून

तुमचं पत्र आलं. वन्संचं आदल्या दिवशी आलं होतं. दोन्ही वाचली. मी उद्या निघत नाही. परवाही नाही.

पेटी जशी आली तशी परत पाठवा. नाकाच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना खरं काय ते सांगा. दूध आलं की शेजारच्या काकूंना वास घ्यायला लावा. त्यांना कारण सांगावं लागेल. मलाही तुम्ही सांगितलं होतंत, आणि मी काही तुम्हाला टाकून बोलले नव्हते.

वन्संच्या बोलण्यावरून मी राहिले असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. त्यांच्या पत्रानंतरही बॅग भरलेलीच होती. तुमच्या पत्रात हाल होतात असं वाचलं तेव्हा मी तिकीट पर्समध्ये घातलं होतं. मग तुमचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मला एक दुपार आठवली. ती मी वन्संनाही लिहिलेली नाही, लिहवली नाही.

जानेवारीत मी इस्पितळात होते. हाताला सलाईन होतं, ओठ फुटले होते, पाणीसुद्धा राहत नव्हतं. भेटायच्या वेळेला तुम्ही आलात. खुर्ची जवळ ओढलीत, माझ्या कपाळावर हात ठेवलात. लग्न झाल्यापासून असा हात तुम्ही कधी ठेवला नव्हता. मग कानाशी वाकून हळूच विचारलंत, ‘कसं लागलं होतं?’

मी सांगितलं. आधी गोडसर, मग कडू, शेवटी गंजलेला पत्रा चाटल्यासारखं.

तुम्ही कपाळावरचा हात काढलात, खिशातून पेन घेतलंत आणि म्हणालात, ‘सावकाश सांग.’